केक कोरडा होतोय? ओव्हनच्या आधी मैद्याचं माप तपासा

केक कोरडा, भेगाळलेला निघाला की पहिला संशय ओव्हनवर जातो. पण बऱ्याचदा घोळ मैद्याच्या कपात झालेला असतो. कप पिशवीत खुपसून भरला की मैदा दाबला जातो आणि त्याच कपात 145-150 ग्रॅम बसतो. चमच्याने हलका भरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर 120-125. तीन कप मैद्याच्या केकमध्ये हा फरक 75 ग्रॅमवर जातो, म्हणजे अर्धा कप मैदा फुकटचा जास्त! त्यातून कप ओट्यावर आपटायची सवय असेल तर विचारूच नका. मैदा खाली बसतो आणि वर झालेली जागा आपण पुन्हा भरतो. दाणेदार साखरेला ही खोड नाही, ती कशीही भरा, कपात 200 ग्रॅमच्या आसपासच मावते. त्यामुळे एकच जिन्नस तोलायचा उत्साह असेल तर तो मैद्यावर खर्च करा.

कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकी कप साधारण 237 मिली, मेट्रिक 250, जपानी 200. सगळे जिन्नस एकाच कपाने घेतले तर प्रमाण टिकतं, पण अंडी काही कपाच्या हिशेबाने लहानमोठी होत नाहीत. अर्धी रेसिपी ग्रॅममध्ये आणि अर्धी हाताला लागेल त्या कपाने, हे मात्र करूच नका.

काटा घेतला म्हणजे सुटलो, असंही नाही. डिजिटल काट्यावरचं 'मिली'चं बटण बहुधा पाण्याच्या हिशेबाने चालतं. त्यावर 100 दिसेपर्यंत तेल ओतलं तर प्रत्यक्षात 109 मिलीच्या आसपास पडतं, आणि मध जेमतेम 70. तेल-मध ग्रॅममध्येच तोला, नाहीतर मापाच्या भांड्याने घ्या.

यीस्ट, बेकिंग सोडा यांचं उलट आहे. एक-एक ग्रॅमने पुढे सरकणाऱ्या काट्यावर 3 ग्रॅम यीस्ट तोलण्यात अर्थ नाही. चिमूटचिमूट टाकलेलं काही काट्यांना कळतही नाही. इथे 5 मिलीचा सपाट भरलेला चमचा जास्त भरवशाचा. अपवाद मिठाचा: बारीक मीठ चमच्यात सुमारे 6 ग्रॅम भरतं, जाडं बरंच कमी. रेसिपीत कुठलं मीठ धरलंय ते बघून घ्या.

आकडा सारखा हलत असेल तर काटा कडक, सपाट जागी ठेवा, भांडं मधोमध येऊ द्या, मग बॅटरी बदलून बघा. ऐन मिश्रणात काटा आपोआप बंद पडला तर भांडं ठेवून झीरो केलेलं सगळं पुसलं जातं. म्हणून नेहमीच्या भांड्याचं रिकामं वजन त्याच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा. काटा रिकामाच पुन्हा चालू करून भांडं वर ठेवलं आणि एकूण आकड्यातून ते वजा केलं की किती पडलंय ते कळतं, मिश्रण टाकून द्यावं लागत नाही.