ॲलन रिकमन बघायचाय? मग स्नेप शेवटी ठेवा

आपल्याकडे बहुतेकांना ॲलन रिकमन म्हणजे हॅरी पॉटरमधला स्नेप, बास. मग स्नेप आवडला म्हणून त्याचं बाकीचं काम शोधायला जातात, हाती लागेल ते काहीतरी लावतात आणि अर्ध्यात सोडून देतात. म्हणून हा क्रम, माझ्या आवडीने लावलेला.

आधी थोडं बॅकग्राउंड. माणूस १९४६ चा, लंडनचा, शिकला ग्राफिक डिझाइन, मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओ पण चालवत होता, आणि ते सगळं सोडून २६ व्या वर्षी राडा या नावाजलेल्या नाट्यशाळेत गेला. तिथून पुढे छोट्यामोठ्या नाटक कंपन्या, मग रॉयल शेक्सपिअर कंपनी. पहिला सिनेमा रिलीज झाला तेव्हा वय ४२! म्हणजे पडद्यावर तो नवखा कधी दिसतच नाही, सगळं कच्चं काम स्टेजवर आधीच होऊन गेलेलं.

तो पहिला सिनेमा म्हणजे डाय हार्ड (१९८८), सुरुवात इथूनच करा. हिंदी डबिंग प्लीज नको, इंग्लिश सबटायटल लावा पण आवाज त्याचाच ऐका, नाहीतर अर्धा रिकमन गेलाच. एकदा नुसता मजेत बघा. मग हान्स ग्रुबरचे, म्हणजे रिकमनच्या खलनायकाचे, सीन परत लावा, या वेळी आवाज बंद करून. आजूबाजूला सगळे धावतायत, ओरडतायत, गोळ्या झाडतायत आणि हा बाबा जवळजवळ हलतच नाही, ओलिसांसमोर छोटी वही उघडून ऑफिसची मीटिंग असल्यासारखा वाचतो. दरारा येतो तो त्यातून. आणि तो हिरोसमोर अमेरिकन ओलीस असल्याचं सोंग करतो ना, तो सीन मुळात स्क्रिप्टमध्ये नव्हता, रिकमनला अमेरिकन ॲक्सेंट जमतो हे कळल्यावर शूटिंग चालू असताना घातलाय. तिथे आवाज चालू ठेवा हं.

आता मागे जा. बीबीसीची द बार्चेस्टर क्रॉनिकल्स, १९८२. यात तो स्लोप नावाचा गोडबोल्या, आतल्या गाठीचा पाद्री आहे. सिरीयल संथ आहे आणि तो येतो तिसऱ्या एपिसोडला, त्यामुळे पहिल्या दोनमध्ये नाही दिसला म्हणून चुकीची सिरीयल लावली असं समजू नका. स्लोप कोणाशी बोलतोय त्याप्रमाणे त्याची मान किती वाकते एवढंच बघत बसा, भारी टाइमपास आहे.

त्यानंतर एक मोठी गॅप येते आणि ती आपल्याला भरता येत नाही, कारण ते नाटक होतं. ले लिएजाँ दांजरूज, १९८५, त्यातला वाल्मोंट हा मुख्य रोल त्याचा. लंडन गाजवलं, मग ब्रॉडवे, टोनी या अमेरिकन नाट्यपुरस्काराचं नॉमिनेशन, आणि १९८८ मध्ये त्यावर सिनेमा निघाला तेव्हा रोल मिळाला जॉन माल्कोविचला. माल्कोविच चांगलाच आहे, पण बघताना रिकमन डोक्यातून जात नाही. हे नाटकवाल्यांचं जुनंच दुखणं.

मग पुढचे दोन लागोपाठ बघा. ट्रूली मॅडली डीपली, यात तो मेलेला प्रियकर म्हणून परत येतो, चेलो वाजवतो, घरात सारखी थंडी वाजते म्हणून कुरकुर करतो, आधी हसू येतं मग पोटात कालवतं. आणि लगेच रॉबिन हुड: प्रिन्स ऑफ थीव्ह्ज (१९९१), जिथे शेरीफ म्हणून तो इतका सुटलाय की हिरोकडे लक्षच जात नाही. बाफ्टा हा ब्रिटिश सिनेपुरस्कार याच रोलला मिळाला, आणि ते घेताना त्याने, संयत अभिनय म्हणजेच सगळं काही नसतं, अशी स्वतःचीच फिरकी घेतली.

सेन्स अँड सेन्सिबिलिटी (१९९५) घाईत बघू नका. कर्नल ब्रँडन (हा रिकमन) दारात येतो, त्याला आवडणारी मरियन पियानोवर गातेय, आणि तो नुसता ऐकतो. माझ्या मते त्याच्या अख्ख्या करियरमधला बेस्ट सीन हाच, संवाद शून्य. दुसऱ्याचं ऐकताना नट काय करतो हे शिकायचं असेल तर हा सीन चारपाच वेळा बघा.

गॅलेक्सी क्वेस्ट (१९९९) हलकंफुलकं म्हणून मधे टाका, शेक्सपिअरवाला नट परग्रहवासीयाच्या रोलमध्ये अडकलाय आणि त्याच त्या डायलॉगला वैतागलाय.

आणि आता पॉटर. सातवं पुस्तक आलं २००७ मध्ये, पण स्नेपबद्दलची एक गोष्ट लेखिका रोलिंगने रिकमनला कितीतरी आधीच सांगून ठेवली होती, बाकी युनिटला पत्ता नाही. शेवट माहीत असेल तर तिसरा भाग परत लावा आणि वेअरवुल्फचा सीन बघा. स्नेप रागावलेला आहे, पोरांना झापायला आलाय, पण समोर धोका दिसताच पुढचामागचा विचार न करता हात पसरून तिघांच्या पुढे उभा राहतो. २००४ मध्ये थिएटरात किती जणांच्या हे लक्षात आलं असेल?