पाठ पुन्हा धरली म्हणजे पहिले पाढे पंचावन्न नाही: स्लिप डिस्कमधून बरं होताना काय करायचं

स्लिप डिस्क (दोन मणक्यांमधली गादी, म्हणजे डिस्क, बाहेर सरकून नसेवर दाब येणं) पहिल्यांदा होते तेव्हा सगळे मदतीला असतात. डॉक्टर, एमआरआय, डबा आणून देणारी वहिनी, ऑफिसातला मॅनेजरसुद्धा दोन आठवडे गप्प बसतो. पंचाईत होते ती नंतर. दीड-दोन महिने झालेले असतात, गोळ्या सुटलेल्या असतात, खालच्या रस्त्यावर फेरी मारायला लागलेलो असतो आणि एका सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना खटकन चमक भरते आणि माणूस बेसिनला धरून तिथेच उभा. दुखतं तर खरंच, पण त्याहून वाईट म्हणजे डोक्यात सुरू होतं की झालं, एवढं केलं ते सगळं पाण्यात गेलं, आणि आता लोकांना काय सांगू.

पाण्यात गेलेलं नसतं. असे धक्के बरं होण्याच्या वाटेवर बहुतेकांना बसतात, मलाही बसले (माझी एल५-एस१, म्हणजे कमरेतली सगळ्यात खालची डिस्क, दुखणं डाव्या पायात). अशा वेळी काय करायचं हे दुखत असताना सुचत नाही म्हणून बरं वाटत असतानाच ठरवून ठेवायचं, शक्यतो कागदावर लिहून फ्रीजवर लावायचं, म्हणजे घरच्यांनाही कळतं.

सगळ्यात आधी हे तपासा

धक्का साधा आहे की डॉक्टरकडे पळायचंय हे पहिल्या पाच मिनिटांत बघायचं. लघवी अडकतेय किंवा कळत नाहीये, शौचावरचा ताबा गेलाय, दोन मांड्यांच्या मधे, म्हणजे सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आलाय, दोन्ही पायांतली ताकद एकदम कमी झालीय, यातलं काहीही असेल तर उद्या बघू, सोमवारी ओपीडीत दाखवू असं करायचं नाही. त्याच रात्री मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी. कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा जो जुडगा असतो तो दाबला गेला की ऑपरेशन लवकरात लवकर लागतं, आणि उशीर झाला तर लघवीचा त्रास कायमचा राहू शकतो. हे क्वचित होतं, पण लाजेपायी लपवलं जातं म्हणून स्पष्ट लिहितेय.

दुसरी तपासणी घरात, जवळ कुणीतरी धरायला ठेवून. टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर चार पावलं चाला. काल जमत होतं आणि आज पाऊल वर उचललंच जात नाहीये, चप्पल पायातून निसटतेय, तर हेही त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. नुसतं दुखणं वेगळं आणि ताकद जाणं वेगळं. ताप, कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, हेही घरगुती उपायांनी ढकलायचं नाही.

दुखतंय किती यापेक्षा दुखतंय कुठे ते बघा

हे मला फिजिओने शिकवलं आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली. दुखणं कमरेपासून जेवढं लांब पायात खाली जातं, मांडी, पोटरी, टाच, करंगळी, तेवढी नस जास्त चिडलीय असं धरायचं. आणि दुखणं पायातून वर सरकत कंबरेत गोळा होतंय तर गाडी बरोबर चाललीय, भले कंबर तेव्हा आधीपेक्षा जास्त का दुखेना! म्हणजे काल पोटरीत कळ होती आणि आज फक्त कंबर ठणकतेय तर तो वाईट दिवस नाही, चांगला दिवस आहे, आणि लोक नेमके त्याच दिवशी व्यायाम बंद करतात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लक्षात आली ती न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी नावाच्या फिजिओथेरपिस्टला, १९५६ साली, वेलिंग्टनच्या त्याच्या दवाखान्यात. पाय दुखणारा एक पेशंट चुकून अशा टेबलावर पालथा झोपला की ज्याचं एक टोक दुसऱ्याच कुणासाठी वर करून ठेवलेलं होतं, पाठ मागे चांगली वाकली, आणि मॅकेन्झी येऊन बघतो तर याच्या पायातलं दुखणं गेलेलं. पालथं झोपून कोपरांवर उठायचा जो व्यायाम आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक फिजिओ देतो त्याचं मूळ तिथे आहे. पण तो सगळ्यांना चालतोच असं नाही, म्हातारपणी नसांची जागाच अरुंद झालेली असते त्यांना बऱ्याचदा मागे वाकून जास्त त्रास होतो आणि पुढे वाकून बरं वाटतं. त्यामुळे शेजारच्या काकांना कशाने बरं वाटलं ते बाजूला ठेवा, कुठल्या व्यायामाने आपलं दुखणं वर सरकतं आणि कुठल्याने खाली जातं एवढं बघा आणि तेच फिजिओला सांगा.

पहिले दोन-तीन दिवस

झोपून राहायचं का? पहिला दिवस थोडं आडवं पडा, हरकत नाही, पाठीवर झोपून गुडघ्याखाली दोन उशा किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मधे उशी. पण दिवस दिवस अंथरुणात नाही. १९८६ मध्येच अमेरिकेत रिचर्ड डेयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंबरदुखीच्या २०३ पेशंटवर करून बघितलं होतं, काहींना २ दिवस आराम सांगितला, काहींना ७ दिवस, आणि जास्त झोपलेल्यांना जास्त फायदा काही झाला नाही, फक्त कामावरच्या सुट्ट्या वाढल्या. एवढी वर्षं झाली तरी आपल्याकडे अजून "तीन आठवडे बेड रेस्ट" सांगणारे भेटतातच.

तर करायचं असं की व्यायाम बंद न करता दोन पायऱ्या खाली उतरायचं. रोज अर्धा तास चालत होतात तर आता घरातल्या घरात पाच-सात मिनिटं, पण दिवसातून चार-पाच वेळा. प्लँक, वजन, योगासनातली पुढे वाकायची आसनं, सूर्यनमस्कार, हे सगळं थांबवा. सलग बसणं वीस मिनिटांच्या वर नको, सोफ्यावर तर नकोच, सोफ्यात माणूस खाली रुततो आणि कंबर गोल होते. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसणं काही दिवस विसरा, आणि घरात इंडियन टॉयलेट असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची मेडिकलवाल्याकडे मिळते, ती आणायला लाजू नका.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा, हाताने रेटून उठा. शिंक येतेय असं वाटलं की एक हात भिंतीवर किंवा ओट्यावर, गुडघे जरा वाकवलेले, आणि छाती पुढे. वाचायला गंमत वाटेल पण एका शिंकेने आठवड्याचं कामकाज बिघडलेली माणसं फिजिओच्या बाकावर कितीतरी भेटतात.

पोट साफ राहील असं बघा. पेनकिलरपैकी ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतं, मग कुंथताना पोटातला दाब वाढतो आणि कळ थेट पायात. इसबगोल, पाणी, पपई, जे चालतं ते पहिल्या दिवसापासून.

गोळ्यांचं म्हणाल तर डॉक्टरने आधीच सांगून ठेवलेली असेल तीच, तेवढीच. डायक्लोफिनॅक या पेनकिलरच्या दोन कंपन्यांच्या दोन गोळ्या म्हणजे दोन वेगळी औषधं नसतात, आणि ॲसिडिटी, बीपी, किडनीचा त्रास असेल तर आधी विचारायचंच. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेक घ्या, बरं वाटतं, फक्त पाय बधिर असेल तर त्या भागावर गरम पिशवी नको कारण भाजलेलं कळत नाही. मालिशवाला, पाठीवर पाय देणारा, "एका झटक्यात बसवतो" म्हणणारा, यांना धक्क्याच्या आठवड्यात दारातूनच नमस्कार. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक, दिवसभर लावून बसू नका.

झालं कशाने, याचा जरा शांतपणे तपास

चौथ्या-पाचव्या दिवशी, कळ उतरल्यावर, मागचे दोन दिवस आठवा. बेसिनवर वाकल्यामुळे झालं असं वाटतं पण बेसिन बहुतेक वेळा फक्त शेवटचं निमित्त असतं. आदल्या दिवशी काय झालं होतं? माझं निरीक्षण असं की धक्के वाईट दिवसांनंतर नाही, सगळ्यात चांगल्या दिवसांनंतर येतात. बरं वाटतंय म्हणून माळा आवरला, गणपतीच्या आदल्या रात्री जागून मखर केलं, लग्नाला म्हणून घाटातून चार तास गाडीत बसून गेलो, पाहुणे येणार म्हणून केर-फरशी स्वतः केली आणि वर बादल्याही उचलल्या. मग दोन दिवस पडून, मग परत बरं वाटलं की परत जास्त काम. हे चक्र मोडायचं असेल तर चांगल्या दिवशीसुद्धा ठरल्यापेक्षा जास्त करायचं नाही आणि वाईट दिवशीसुद्धा थोडं तरी करायचं. ऐकायला सोपं आहे, घरच्या बाईला मात्र चांगल्या दिवशी गप्प बसवणं महाकठीण, आणि त्यात घरातल्या बाकीच्यांचा वाटा किती ते त्यांनी स्वतःलाच विचारावं.

सकाळची वेळही बघा. रात्रभर आडवं राहिल्याने डिस्क पाणी शोषून फुगलेली असते, म्हणून सकाळी आपली उंचीसुद्धा रात्रीपेक्षा साधारण सेंटिमीटरभर जास्त भरते, आणि अशा फुगलेल्या डिस्कवर वाकण्याचा ताण जास्त येतो. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर खाली वाकून काही नको. मोजे स्टुलावर पाय ठेवून, चूळ भरताना गुडघे वाकवून एक हात बेसिनवर, केर नंतर. सिलिंडरला तर हातच लावू नका, आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन, मिळून तीस किलोच्या आसपास जातं, घरपोच देणाऱ्याला आत ओट्यापर्यंत ठेवायला सांगायचं.

आणि झोप. दोन रात्री नीट झोप नाही, ऑफिसात कटकट, घरात आजारपण, यानेसुद्धा दुखणं भडकतं, पाठीला काहीही न होता. म्हणून कधीकधी कारण सापडतच नाही. मग शोधणं सोडून द्या.

परत वर चढताना

पायातलं दुखणं धक्क्याच्या आधी होतं तेवढ्यावर उतरलं, रात्री झोप लागतेय, की एकेक पायरी चढा. आधी चालणं वाढवा, मग फिजिओचे जुने व्यायाम निम्म्या संख्येने, मग बसण्याचा वेळ, आणि सगळ्यात शेवटी टू-व्हीलर, कारण आपल्या रस्त्यांवरचे खड्डे आणि स्पीडब्रेकर हा वेगळाच व्यायाम आहे. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवायची, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळतं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच असेल तर डोस कमी करा, बंद नाही.

चालण्याला कमी लेखू नका. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, नुकत्याच कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ लोकांचा. ज्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि सोबत फिजिओने समजावून सांगितलं, त्यांच्यातल्या निम्म्या लोकांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांमधल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं. जिम नाही, मशीन नाही, एक बूट आणि सोसायटीचा रस्ता.

भीतीचं काय

एकदा पाठ धरली की ती कारच्या अलार्मसारखी होते, मांजर बॉनेटवर चढलं तरी वाजते. अलार्म खरा असतो, चोर असतोच असं नाही. प्रत्येक कळ म्हणजे डिस्क अजून बाहेर आली असं नसतं. आणि तो एमआरआय रिपोर्ट दर आठवड्याला काढून वाचणं बंद करा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये बघितलं तर विशीतल्या ३० टक्के आणि पन्नाशीतल्या ६० टक्के लोकांना डिस्क बल्ज (डिस्क थोडी फुगून बाहेर आलेली) निघाला. उलट बाहेर आलेला डिस्कचा तुकडा बऱ्याचदा शरीर स्वतःच हळूहळू शोषून घेतं, आणि मोठे तुटलेले तुकडे तर छोट्या बल्जपेक्षा जास्त वेळा.

आपल्या मुंबईचा श्रेयस अय्यर आठवा. एप्रिल २०२३ मध्ये पाठीचं ऑपरेशन झालं, सप्टेंबरमध्ये आशिया कपला परतला आणि पाकिस्तानविरुद्धच्या सुपर फोर मॅचच्या आधी परत पाठ धरली, बाहेर बसला, टीव्हीवर सगळे म्हणायला लागले की वर्ल्ड कपला काही हा नाही. त्याच महिन्यात इंदूरला ऑस्ट्रेलियाविरुद्ध शतक, आणि १५ नोव्हेंबरला वानखेडेवर सेमीफायनलला ७० बॉलमध्ये १०५. त्याच्यामागे फिजिओंची फौज असते हे मान्य, आपल्यामागे ईएमआय असतो. पण मधे पाठ धरली म्हणून आधीची मेहनत पुसली गेली नाही, एवढं त्यातून घ्या.

घरी फोनवर विचारपूस करणाऱ्यांसाठी एक ठरलेलं वाक्य ठेवा, "हो, थोडं वाढलंय, डॉक्टरांना माहितीये, चालणं चालू आहे", आणि विषय बदला. सल्ले ऐकून ऐकून जो थकवा येतो तो वेगळाच.

धक्के वारंवार यायला लागले, प्रत्येक वेळी पायात आधीपेक्षा खाली जायला लागलं, किंवा दोन-तीन महिने नीट व्यायाम करूनही पायातली कळ झोपू देत नसेल तर इंजेक्शन किंवा ऑपरेशनबद्दल स्पाइनच्या डॉक्टरशी बोलायची वेळ आली असं समजा, त्यात हरल्यासारखं काही नाही. जाताना नुसती फाइल नेऊ नका. एका कागदावर लिहून न्या, धक्का कधी आला, दुखणं कुठपर्यंत गेलं, किती दिवसांत उतरलं, कुठली गोळी किती घेतली, टाचांवर-चवड्यांवर चालता येतं की नाही. ओपीडीत पाच-सात मिनिटंच मिळतात आणि त्यातली चार "कधीपासून दुखतंय" यातच जातात.