तळाला भोक न पाडता डेप्थ साउंडर

डेप्थ साउंडर म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारं यंत्र. भरीव फायबरग्लासमधून हा ध्वनी आरपार जातो, म्हणून साउंडरचा सेन्सर शिडाच्या बोटीत आतूनच बसवता येतो. मध्ये हवा आली तर मात्र तो जवळजवळ पुढे जातच नाही. या कामातली सगळी झटापट हवेशी आहे. तळात बाल्साचा (हलक्या लाकडाचा) किंवा फोमचा गाभा असेल तर हा नाद सोडा. लाकडी होडीतही जमत नाही. काही बोटींत तळावर आतलं आणखी एक कवच असतं आणि मध्ये पोकळी. तिथे सेन्सर मूळ तळालाच भिडायला हवा.

जागा कीलच्या (तळाखालच्या वजनदार पात्याच्या) पुढे 30 ते 60 सेंटीमीटर, मध्यरेषेजवळ. कीलच्या वर बसवलात तर शिसं किंवा लोखंड आडवं येतं. नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) फार जवळ गेलात तर लाटेवर आपटताना तळाखाली फेस येतो आणि आकडे गायब होतात.

चिकटवण्याआधी चाचणी घ्या. हा टप्पा गाळणाऱ्यांनाच पुढे सगळं खरवडून काढावं लागतं. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरा, सेन्सर आत सोडा, बुडबुडे काढून तोंड रबरबँडने आवळा. तळावर थोडं पाणी ओतून पिशवी दाबून धरा आणि आकडा वजन बांधलेल्या दोरीशी ताडून पाहा. मुंबई बंदरासारख्या चिखलात टोकदार शिसं रुतून बसतं आणि दोरी जास्त खोली सांगते, म्हणून वजन पसरट घ्या. आकडा उड्या मारत असेल तर पिशवी चार-पाच सेंटीमीटर सरकवा. जास्तीत जास्त खोल पाण्यातही एकदा पाहा, कारण तळातून जाताना ताकद घटते आणि उथळ पाण्यात ते कळत नाही.

आता सेन्सर ज्यात बसेल ती नळी. 75 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सुमारे 12 सेंटीमीटर लांब घ्या. त्याचं खालचं टोक पुठ्ठ्याच्या साच्यावरून तळाच्या उतारासारखं कापा. बोट सरळ असताना पाइप ओळंब्यात उभा राहिला पाहिजे. तळावरचा रंग 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून फायबरग्लासपर्यंत न्या, ॲसिटोनने पुसा (हॅच उघडे ठेवून). पाइपचं टोकही खरखरीत करा, नाहीतर इपॉक्सी धरत नाही. कडेने घट्टसर इपॉक्सीची गोलाई द्या. नळीच्या आत, सेन्सरखाली, ढेकळं राहू देऊ नका. वाळल्यावर पाणी भरून 24 तास ठेवा. पातळी उतरली तर गळती आताच सापडली.

पाणी काढून नळी कोरडी करा आणि एरंडेल भरा. किराणा दुकानातलं साधं चालतं. सहा सेंटीमीटर उंचीला पाव लिटर पुरतं. बारीक धारेने ओता, तासभर राहू द्या, मग सेन्सर तिरका बुडवून सरळ करा, म्हणजे तोंडाखाली हवा अडकत नाही. वर टोपण लावा. थेट इपॉक्सीत सेन्सर बसवण्याची पद्धतही आहे, पण जाड थर तापतो, बुडबुडे धरतो, आणि सेन्सर पुन्हा निघत नाही.

केबल कापू नका. उरलेली गुंडाळून ठेवा, मोटर आणि व्हीएचएफ रेडिओच्या तारांपासून दूर. पाण्याचं तापमान आणि बोटीचा वेग मात्र आतून मिळत नाही.

शेवटी ऑफसेट, म्हणजे मोजलेल्या खोलीत यंत्राने मिळवायचा किंवा वजा करायचा आकडा. सेन्सर जलरेषेखाली 0.4 मीटर आणि बोटीचा ड्राफ्ट (जलरेषेपासून कीलच्या तळापर्यंतची खोली) 1.5 मीटर असेल, तर कीलखालचं पाणी दाखवायला −1.1 मीटर आणि पृष्ठभागापासूनची खोली हवी असेल तर +0.4. कुठला घातलाय ते यंत्राशेजारी चिठ्ठीवर लिहा, कारण बोट चालवणारा दुसरा माणूस नेमका उलटं समजतो. आकडे हळूहळू क्षीण झाले तर आधी एरंडेलाची पातळी पाहा, मग पाण्यात उतरून त्या जागेवर बाहेरून चिकटलेली कालवं खरवडा.