दोन दिवसांचं शूटिंग, तीन जागा: सामान भरण्याआधी

कॅमेरा कुठला घेऊ, असं कुणी विचारलं की त्याच्याकडे आधी संहिता मागावी. एकांकिका करणारी मंडळी हल्ली नाटकाच्या जोडीला शॉर्ट फिल्म करायला घेतात. पुरुषोत्तम, फिरोदिया या स्पर्धा करून झालेल्या असतात, नट घरचेच असतात, अडतं ते फक्त सामानापाशी, आणि मग रिव्ह्यू बघण्यात महिना जातो. सामान संहितेतून निघतं. म्हणून ही यादी एका मानलेल्या गोष्टीवर बेतली आहे: आठ-दहा मिनिटांची फिल्म, आई आणि मुलगा अशी दोन पात्रं, रात्रीचं स्वयंपाकघर, संध्याकाळची गच्ची आणि सकाळचा एसटी स्टँड. शूटिंग शनिवार-रविवार. तुमच्या जागा वेगळ्या असतील, प्रश्न साधारण हेच पडतील.

पहिलं काम रेकी, म्हणजे जागेची पाहणी, आणि तीही ज्या वेळेला शूटिंग आहे त्याच वेळेला. रात्री नऊचा सीन असेल तर रात्री नऊला त्या स्वयंपाकघरात जाऊन पाच मिनिटं गप्प बसा. फ्रीजची घरघर ऐकू येईल, शेजारची मालिका ऐकू येईल, सोसायटीची पाण्याची मोटर कधी चालू होते ते कळेल. मोटरची वेळ वॉचमनला विचारून कागदावर लिहून घ्या. टेक चालू असताना फ्रीज बंद ठेवावा लागतो, आणि पॅकअपच्या घाईत तो पुन्हा चालू करायचं राहून जातं. त्यावर युनिटवाल्यांचा जुना उपाय आहे: गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. फ्रीज उघडल्याशिवाय कुणाला घरी जाताच येत नाही.

रेकीला जाताना ज्याच्यावर शूट करणार तो फोन किंवा कॅमेरा बरोबर हवा, कारण त्या खोलीतले दिवे तपासायचे आहेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर लावलेला असतो. तिथे शटर (एका फ्रेमला उजेड आत घेण्याचा वेळ) १/६० सेकंदावर गेलं की भिंतीवरून करडे पट्टे सरकायला लागतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, पट्टे जातात. आयफोनमध्ये २५ चा पर्याय दिसतच नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगखाली ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करावं लागतं. अँड्रॉइडवर शटर हाताने लावू देणारं ॲप घ्या. ब्लॅकमॅजिकचं कॅमेरा ॲप दोन्हीकडे फुकट आहे, मात्र तुमच्या फोनवर चालतं का ते आधी बघा. एवढं करूनही एखादा स्वस्तातला एलईडी बल्ब पट्टे मारत राहिला तर बल्बच बदला. त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही.

स्वयंपाकघरातली छताची ट्यूब शूटिंगला नकोच. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि आई आजारी दिसते (संहितेत ती आजारी असेल तर राहू द्या). ट्यूब घालवायची, ओट्यावर पिवळा बल्ब दिसता ठेवायचा आणि एक एलईडी पॅनल भिंतीवर किंवा थर्माकोलवर मारून परतलेला उजेड घ्यायचा. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र ठेवले तर चेहरा अर्धा निळा, अर्धा पिवळा होतो, मग एडिटला कितीही घासा. पॅनल घेताना वॉटपेक्षा सीआरआयचा (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा) आकडा बघा. ९५ च्या पुढे असला की त्वचेचा रंग जागेवर राहतो. थर्माकोलच्या शीटची एक बाजू काळी रंगवून घ्या. पांढरी बाजू उजेड देते, काळी तो खाते. छोट्या पांढऱ्या खोलीत उजेड सगळीकडून उसळत असतो, तिथे काळी बाजूच जास्त कामाला येते. मांडववाल्याकडून हॅलोजन आणणार असाल तर जरा हिशोब करा. हजार वॉटचा एक दिवा साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, तेव्हा साध्या सहा अँपिअरच्या प्लगवर दुसरा चढवू नका, आणि उजेड मऊ करायचा ट्रेसिंग पेपर दिव्याच्या तापलेल्या काचेला चिकटवू नका.

आता आवाज. माझ्या मते पहिला खर्च इथे व्हायला हवा. चित्र जरा मऊ आलं तर प्रेक्षक चालवून घेतात, संवाद कळला नाही तर पुढच्या व्हिडिओवर जातात. फोनचा किंवा कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक दोन मीटरवरून नटाआधी पंखा ऐकतो. साधा वायरचा कॉलर माइकही या कामाला पुरतो. वायरलेस परवडत असेल तर उत्तम, पण त्याचं चार्जिंग हे आणखी एक काम मागे लागतं. आई साडीत आहे, म्हणजे माइक पदराखाली जाणार. स्टार्चची साडी प्रत्येक श्वासाला खरखरते, मंगळसूत्र माइकवर आपटतं, आणि पोळी लाटायचा सीन असेल तर बांगड्या. साडी मऊ सुती निवडा, मंगळसूत्र आतून टेपने टेकवा, वेशभूषा आणि आवाज या दोन माणसांची आदल्या दिवशीच गाठ घालून द्या. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्‌झवर, आणि पातळी अशी की सगळ्यात मोठ्या वाक्याला काटा उणे १२ डेसिबलपाशी जावा. नाटकाचे नट तालमीत आवाज राखून बोलतात आणि टेकला शेवटच्या रांगेपर्यंत फेकतात, म्हणून पातळी त्यांच्याकडून पूर्ण जोरात बोलून घेऊनच लावा. कानाला वायरचे हेडफोन लावून बसणारा एक माणूस हवा, आणि त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम नको. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा येतो, ते इथे चालत नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेत असाल तर चित्र आणि आवाज जुळवायला प्रत्येक टेकला क्लॅप, क्लॅप नसेल तर चौकटीत दिसेल अशी टाळी. पॅकअपआधी सगळ्यांना पुतळे करून रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज घ्या, एडिटला संवादांमधल्या फटी भरायला तो लागतो.

एवढं ठरल्यावर कॅमेऱ्याकडे वळा. गेल्या तीन-चार वर्षांतला बरा फोन असेल तर ही फिल्म फोनवर होते. मुख्य लेन्सच वापरा, अल्ट्रावाइड रात्री चिखल करते. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, एचडीआर बंद, एअरप्लेन मोड चालू, आणि प्रत्येक टेकआधी लेन्स पुसा. मिररलेस कॅमेरा भाड्याने आणणार असाल तर बॉडीपेक्षा लेन्सचा विचार आधी. सगळे ५० एमएमची १.८ सुचवतात (१.८ म्हणजे लेन्स किती उघडते त्याचा आकडा, तो जितका लहान तितका उजेड जास्त). लेन्स चांगलीच आहे, पण एपीएस-सी या लहान सेन्सरवर ती ७५ सारखी वागते, म्हणजे चौकट अरुंद होते. आपल्या स्वयंपाकघरात तुमची पाठ दाराला टेकेल तरी दोघं चौकटीत मावणार नाहीत. २४ च्या आसपासची एक हवी, ५० फक्त क्लोजअपला. आणि १.८ वर उघडून शूट करण्याचा मोह आवरा. आईने मान वळवली की एक डोळा फोकसमध्ये, दुसरा बाहेर. २.८ ते ४ च्या मध्ये राहा.

भाड्याचं सामान शुक्रवारी संध्याकाळी घ्या आणि भाडं तारखेवर मोजतात की चोवीस तासांवर, ते तोंडी नव्हे, लिहून घ्या. काउंटरवरच लेन्स लावून बघा, पांढऱ्या भिंतीचा एक शॉट घेऊन सेन्सरवरचे डाग बघा, आधीच्या ओरखड्यांचे फोटो दुकानदारासमोर काढा. ट्रायपॉडची प्लेट कॅमेऱ्याला घट्ट बसलेली दिसल्याशिवाय दुकान सोडू नका, हमखास राहते ती तीच. घरी आलात की एक मिनिट शूट करून ज्या लॅपटॉपवर एडिट करणार त्याच्यावर चालवून बघा. १० बिटची (रंगांची माहिती जास्त, म्हणून जड) फाइल जुन्या लॅपटॉपवर अडखळत असेल तर ते शुक्रवारी कळलेलं बरं. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, तेव्हा त्यांनीही आधी घरच्या घरी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली, आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. चाचणीचा शॉट फुकट जात नाही.

गच्चीचा सीन घड्याळावर चालतो. पुण्यात मे अखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या आधी, आणि त्यानंतरचा मऊ उजेड वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. तालीम पाचलाच उरका. वारा असणारच, म्हणून माइकवर केसाळ टोपी हवी, फोमने भागत नाही. ऊन असताना १/५० शटर राखायचं तर एनडी फिल्टर (लेन्सपुढची काळपट काच) लागतो. भर उन्हात २.८ वर काम करायला उजेड सहा स्टॉप, म्हणजे सहा वेळा निम्मा, करावा लागतो, त्याला एनडी ६४. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, मात्र शेवटच्या टोकाला नेला की चौकटीत काळी फुली उमटते. ड्रोनचं म्हणाल तर संहितेत घार असेल तर बघू. २०२१ चे ड्रोन नियम २५० ग्रॅमच्या आतल्या ड्रोनलाही नकाशावरचे रेड आणि यलो झोन (विनापरवानगी उडवता न येणारे भाग) पाळायला लावतात, आणि तुमच्या गच्चीपासून विमानतळ किंवा लष्कराचा भाग किती लांब आहे ते तुम्हीच बघा.

एसटी स्टँडसाठी आगार व्यवस्थापकांना आठवडाभर आधी भेटा. अर्ज मराठीत, तारीख-वेळ-माणसं नमूद केलेला. परवानगी मिळाली तर तिच्या झेरॉक्स तिघांच्या खिशात ठेवा, कारण अडवणारा नेहमी कागद नसलेल्यालाच अडवतो. किल्ल्यावर किंवा पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत जायचं असेल तर तो मार्ग वेगळा आणि लांब आहे, पहिल्या फिल्मला टाळा. स्टँडवर अडचण आवाजाची. ‘स्वारगेट-सातारा विनावाहक’ अशी घोषणा अर्ध्या वाक्यात घुसते आणि पुढच्या शॉटमध्ये नसते, मग दोन शॉट जुळत नाहीत. इथले संवाद कापून निम्मे करा, जमलं तर सीन मुका ठेवा. घंटीची दोरी, इंजिनाची धडधड, दार लावल्याचा आवाज वेगळा टिपून आणा. चहाच्या टपरीवर गाणं लागलं असेल तर मालकाला विनंती करून बंद करून घ्या, नाहीतर फिल्म अपलोड केल्यावर हक्काचा दावा येतो. लोक कॅमेऱ्याकडे बघतात, त्यावर इलाज एकच: खांबाशेजारी कॅमेरा लावून पंधरा मिनिटं काहीही न करता उभं राहायचं. मग कुणी बघत नाही.

बाकी पिशवीत काय? कपड्यांचे चिमटे, मास्किंग टेप (नटाच्या पायाच्या खुणांसाठी), सुतळी, सेफ्टी पिना, पाच मीटरचा एक्स्टेन्शन बोर्ड, ओडोमॉस, आणि पावसाळा असेल तर सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा, कारण कोकणातल्या दमटपणात लेन्सला बुरशी लागते. बॅटऱ्या किमान तीन. सेकंदाला १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी जातात, त्यामुळे ६४ जीबीचं कार्ड दीड तासही पुरत नाही. व्ही ३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याचा वेग) लिहिलेली दोन-तीन कार्डं, १, २, ३ असे आकडे टाकून. कंटिन्युइटीचे, म्हणजे शॉटला शॉट जुळवायला लागणारे, फोटो काढणारा एक जण नेमा: पेल्यातलं पाणी, पदर कुठल्या खांद्यावर, भिंतीवरच्या घड्याळाची वेळ. घड्याळाचा सेल काढून ठेवला तर निम्मं काम वाचतं. स्पॉटदादा आपल्याकडे नसतो, तर चहा-पोह्यांची जबाबदारी एका नावावर लिहा, आणि ते नाव दिग्दर्शकाचं नको.

दोन्ही रात्री झोपण्याआधी कार्डं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवा, एक डिस्क दुसऱ्याच्या घरी पाठवा, आणि फाइली उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका. फॉरमॅट करायचं तेही कॅमेऱ्यातच. सोमवारी सामान परत करताना कॅमेऱ्याचा कार्डाचा कप्पा उघडून बघा, प्लेट कॅमेऱ्याला आहे का बघा, आणि अनामत रक्कम परत घेऊन मगच दुकानाची पायरी उतरा.