मसूर काढणीला आला का? शेंडा नव्हे, बुडखा बघा

सस्कॅचेवानमध्ये मसुराची काढणी ऑगस्टमध्येच सुरू होते. कॅनडाचा बहुतेक मसूर याच प्रांतात पिकतो आणि त्यातला बराच आपल्याकडच्या डाळ गिरण्यांत येतो. प्रांताचं कृषी खातं हंगामात दर आठवड्याला पीक अहवाल काढतं. त्यात काढणी किती टक्के झाली आणि जमिनीच्या वरच्या थरात ओल पुरेशी आहे की कमी, हे विभागवार दिलेलं असतं. व्यापारी नेमकी इथेच चूक करतात: एकूण टक्केवारी बघून मसुराचा अंदाज बांधतात. राई, हिवाळी गहू, वाटाणा आणि मसूर आधी निघतात, कॅनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी पीक) आणि जवस मागाहून. प्रांतात एकूण काढणी कमी दिसत असली तरी नैर्ऋत्येकडे, स्विफ्ट करंट शहराच्या भागात, मसूर बराच उरकलेला असू शकतो. म्हणून पीकवार आणि विभागवार आकडाच धरा. मसुराचा उतारा अहवालात एकरी पौंडांत असतो, इतरत्र बुशेलमध्येही सांगतात. मसुराचं एक बुशेल म्हणजे 60 पौंड, सुमारे 27 किलो. एकरी 20 बुशेल म्हणजे साधारण साडेपाच क्विंटल.

शेतातला निर्णय मात्र अहवालावर घेता येत नाही. ओल मिळत राहिली तर मसूर शेंड्याकडे फुलतच राहतो. ऑगस्टच्या मध्यात चांगला पाऊस झाला की वाळायला लागलेलं झाडही पुन्हा हिरवं होतं. म्हणून शेंडा वाळायची वाट बघत बसू नका. उंचवटा, उतार आणि खोलगट जागा, अशा आठ-दहा ठिकाणची झाडं उपटा. खालच्या तिसऱ्या भागातल्या शेंगा तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळल्या पाहिजेत, मधल्या पिवळ्या पडायला लागलेल्या हव्यात, वरच्या थोड्या हिरवट असल्या तरी चालतं. मग शेंग फोडा. पक्व दाण्यात नख रुतत नाही. सीडीसी मॅक्सिम या वाणासारख्या लाल मसुराची साल करडी असते, तेव्हा दाणा दुभंगून बघा: आत स्वच्छ केशरी रंग हवा, हिरवी झाक दिसली तर अजून थांबा.

पीक वाळवण्यासाठी फवारणी करायची असेल तर दाण्यातला ओलावा 30 टक्क्यांच्या खाली आलेला हवा. तोही शेताच्या सर्वांत हिरव्या भागात मोजायचा, उंचवट्यावर नव्हे. फवारणीने कच्चा दाणा पिकत नाही, तो आहे तिथेच थांबतो; घाई केली तर बारीक, हिरवे, सुरकुतलेले दाणे हाती येतात. डायक्वाट हे पीक वाळवायचं रसायन पडेल तिथलाच भाग जाळतं. म्हणून पाणी भरपूर आणि स्वच्छ घ्या. गढूळ पाण्यातल्या मातीच्या कणांना चिकटून ते निकामी होतं. संध्याकाळी किंवा ढगाळ हवेत फवारा, म्हणजे ऊन लागून काम सुरू होण्याआधी ते पानांत नीट मुरतं. ग्लायफोसेट हे तणनाशक मुख्यतः बारमाही तणांसाठी आहे. ते सावकाश काम करतं आणि फवारणीनंतर किमान 7 दिवस काढणी करता येत नाही. कच्च्या पिकावर मारलं तर दाण्यात अंश राहतो आणि माल नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे खरेदीदाराला आधी विचारलेलं बरं.

कंबाइन (कापणी-मळणी यंत्र) कधी घालायचं, यावर सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण मालाचा दर्जा तिथेच ठरतो. दाण्याचा ओलावा 16 ते 18 टक्के असताना मळणी केली की दाणे कमी फुटतात. मग 14 टक्क्यांपर्यंत वाळवायचं. शेतातच दाणा त्याहून कोरडा होऊ दिला तर शेंगा हेडरच्या (कंबाइनच्या पुढच्या कापणी भागाच्या) नुसत्या धक्क्याने तडकतात आणि पेरलेलं जमिनीवर सांडतं. खालच्या शेंगा जमिनीपासून काही बोटांवरच असतात. त्यासाठीच पेरणीनंतर रोलर फिरवून दगड दाबतात आणि जमिनीच्या चढउतारानुसार वाकणारा हेडर वापरतात. रोटर (मळणीचा फिरता दंडगोल) मिनिटाला 250 ते 500 फेऱ्यांच्या दरम्यान ठेवा. टाकीतून मूठभर माल काढून तळहातावर पसरा. अर्ध्या पाकळ्या आणि साल निघालेले दाणे दिसले तर आधी वेग कमी करा, मग कॉनकेव्ह (रोटरखालची जाळी) थोडा उघडा. मागे भुसात न फुटलेल्या शेंगा पडत असतील तर उलट करा. ही तपासणी एकदा करून भागत नाही: सकाळच्या चिवट शेंगेला जमलेली सेटिंग दुपारी दोनला दाणा फोडते. जमीन ओली असताना तर घाई नकोच, दाण्याला माती चिकटली की प्रत घसरते आणि ती माती चाळणीने निघत नाही. हिरव्या राहिलेल्या खोलगट जागा वगळून पुढे जा. तिथला माल मिसळला तर अख्खा ढीग बिघडतो.

बिनमध्ये (धान्याच्या कोठीत) भरल्यावर लगेच पंखा लावा. मीटरने कोरडा दाखवलेला मसूरही हिरव्या कचऱ्यामुळे आतून तापतो. गरम हवेने वाळवताना तापमान 45 अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नका, साल तडकते आणि बियाण्याची उगवण जाते. 14 टक्के ओलावा आणि 15 अंशांच्या आसपास तापमान राखलं तर माल टिकतो. हिरव्या मसुराची साल कालांतराने तपकिरी पडत जाते, तो आधी विका. उंचावरून ओतू नका, ऑगर (धान्य वर नेणारा स्क्रू) वापरलाच तर भरलेला आणि सावकाश चालवा. बेल्ट कन्व्हेयर असेल तर उत्तम. जानेवारीत पारा उणे 20 च्या खाली असताना बिन उघडू नका. गारठलेला दाणा नुसत्या आपटण्याने फुटतो, त्यामुळे गाडी भरायला थंडी ओसरलेला दिवस धरा.