मोठ्यांची अमेरिकन फुटबॉल लीग काढायचीय? आधी माणसं मोजा

मी मूळचा साताऱ्याचा, कबड्डी खेळलेला, आता बॉस्टनजवळ राहतो आणि गेली काही वर्षं इथल्या एका छोट्या लीगचा सेक्रेटरी कम खजिनदार कम पाण्याच्या बाटल्या उचलणारा आहे. इथे लोक याला सेमी-प्रो म्हणतात पण पगार कुणालाच नसतो, उलट खेळाडूच फी भरून खेळतात. लीग कशी काढायची हे बरेच जण विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो.

डेव्हलपमेंटल लीग, म्हणजे खेळाडू घडवणारी खालची लीग, म्हटलं की पोरांच्या डोक्यात एनएफएल, म्हणजे इथली सगळ्यात मोठी व्यावसायिक लीग येते, आणि उदाहरणंही आहेत. जॉनी युनायटसला 1955 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सने काढून टाकलं, मग तो ब्लूमफील्ड रॅम्सकडून गेमला 6 डॉलरवर खेळला आणि पुढच्या वर्षी बाल्टिमोर कोल्ट्समध्ये गेला. आमच्या इकडे खेळलेला एरिक स्वान तर कॉलेज न खेळता लिनच्या बे स्टेट टायटन्समधून 1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, थेट सहाव्या नंबरवर उचलला गेला. पण असे किती? तुमच्याकडे येणारे म्हणजे हायस्कूलनंतर सुटलेले, कम्युनिटी कॉलेजात जायला बघणारे, आणि पस्तिशीतले दोन मुलांचे बाप. ह्यांचं डेव्हलपमेंट म्हणजे ठरलेल्या शनिवारी ठरलेला गेम होणं, बस. अशा लीग पैशाअभावी मरतात त्याहून जास्त फोरफिटने, म्हणजे एक टीम न आल्यामुळे गेम सोडून द्यावा लागल्याने मरतात.

रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, 45 नावं असली तरी गेमला 22 येतात हे धरूनच चाला. एकदा किकऑफला पाऊण तास होता आणि पार्किंगमध्ये मी सतरा जण मोजले, अठरावा डिलिव्हरीची शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच आला आणि गाडीच्या डिकीत बसून पॅड चढवले. अकराचा खेळ अठरा जणांत म्हणजे तीच पोरं ऑफेन्सला (बॉल आपल्याकडे असताना), तीच डिफेन्सला (समोरच्यांकडे असताना), तिसऱ्या क्वार्टरला जीभ बाहेर, आणि दुखापती तिथेच होतात. म्हणून नियम करा, गुरुवारी रात्रीपर्यंत प्रत्येक टीमने पक्के आकडे द्यायचे, कमी असतील तर दोन्ही कोचेसच्या संमतीने आठ-आठचा गेम खेळवायचा पण रद्द नाही करायचा. आणि प्रत्येक टीमकडून सीझनच्या आधी डिपॉझिट घ्या, न येणाऱ्याचं डिपॉझिट समोरच्या टीमच्या ग्राउंडभाड्याला जाईल. हे लिहून, सही घेऊन. तोंडी ठेवलंत तर भांडणं ठरलेली.

भरती करताना अजून एक, सगळ्यांना पास झेलणारा रिसीव्हर व्हायचं असतं, पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या लाइनमध्ये धक्के खायला कुणी तयार नाही. ऑफेन्सिव्ह लाइनला पाच लागतात, तुम्ही निदान आठ शोधा, त्यांची फी कमी ठेवलीत तरी चालेल. आणि लाँग स्नॅप, म्हणजे पायांमधून मागे लांब बॉल टाकणारे दोघं तयार करा, नाहीतर पंटच्या (बॉल लाथेने लांब मारायच्या) वेळी बॉल पंटरच्या डोक्यावरून जातो आणि सगळे उलटे धावत सुटतात.

पैशाचं गणित सोपं आणि कडू आहे. समजा 40 जणांनी 200 डॉलर भरायचे, कागदावर 8000 झाले, पहिल्या महिन्यात हातात येतात निम्मे. त्यातून हायस्कूलच्या ग्राउंडचं भाडं, लाइटचे वेगळे, रेफ्रींची क्रू, इन्शुरन्स आणि मेडिकलवाला. चार टीमवरच सुरू करा, आठ टीम घ्यायचा मोह आवरा. नॉन-प्रॉफिट म्हणून रजिस्टर करून बँक खातं लीगच्या नावावर काढा, कुणाच्या पर्सनल खात्यात फी घेऊ नका, मित्र असला तरी. इन्शुरन्समध्ये लायबिलिटी आणि खेळाडूंचा अपघात विमा हे दोन वेगळे असतात, ग्राउंडवाले पहिला मागतात, खरी गरज दुसऱ्याची लागते.

सेफ्टीत काटकसर नको. हेल्मेटवर एनओसीएसएई ह्या सुरक्षा मानकाचा शिक्का बघा आणि तयार झाल्याचं वर्ष बघा, दहा वर्षांपेक्षा जुनं हेल्मेट रिकंडिशनिंगवाले (तपासून दुरुस्त करून देणारे) घेतच नाहीत, ऑनलाइन स्वस्तात मिळतं ते बहुतेक असलंच. दोघांत एक हेल्मेट वापरतो म्हणणाऱ्यांना सरळ घरी पाठवा. प्रॅक्टिस सुरू केल्यावर पहिले दोन दिवस फक्त हेल्मेट, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शोल्डर पॅड, सहाव्यापासून पूर्ण पॅड, हायस्कूलवाले उन्हाळ्यात असंच करतात. आपल्या लोकांना आठवड्यातून दोनच दिवस जमतं म्हणजे तीन आठवडे ह्यातच जातात, जाऊ देत. मैदानाजवळ बर्फाच्या पाण्याचा टब ठेवा, कुणाला खरा हीटस्ट्रोक झाला तर अँब्युलन्सला फोन करून माणूस आधी टबात, गाडीत नंतर. गडगडाट ऐकला की मैदान रिकामं आणि शेवटच्या आवाजानंतर 30 मिनिटं थांबायचं. डोक्याला मार बसल्याचा नुसता संशय आला तरी त्या दिवशी परत आत नाही, आणि तो निर्णय ट्रेनरचा, म्हणजे मेडिकलवाल्याचा, कोचचा नाही. कोच नेहमी म्हणतो की तो ठीक आहे.

पुण्याचे मित्र विचारतात इकडे करू का, 2012 च्या इलीट फुटबॉल लीग ऑफ इंडियामध्ये पुणे मराठाज होतीच की. माझं मत, पॅड-हेल्मेटच्या खर्चात पडू नका, फ्लॅग खेळा, म्हणजे माणूस पाडायच्या ऐवजी कमरेची पट्टी ओढायची. पाच-पाचचा गेम, एंड झोन धरून 70 बाय 25 यार्ड जागा पुरते, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हाच प्रकार आहे.

आता व्हिडिओ, जो सगळे शेवटी ठेवतात. पोराला कुठल्या कॉलेजच्या कोचला काही दाखवायचं असेल तर त्याच्याकडे हाच एक कागद. कॅमेरा स्टँडच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवा, बावीसच्या बावीस जण फ्रेममध्ये हवेत, झूम करायचं नाही, आणि सोमवारपर्यंत अपलोड. मागच्या सीझनला आमच्याकडे कॅमेऱ्यावर एका खेळाडूचा भाचा होता, हौशी, बॉल जिकडे तिकडे कॅमेरा. सीझन संपल्यावर आमच्या लेफ्ट टॅकलने, म्हणजे लाइनमधल्या, बॉल हातात न घेणाऱ्या खेळाडूने, फुटेज मागितलं. सात गेमचं होतं, रात्री बसून दोघांनी सगळं बघितलं, त्यात तो अकरा वेळा दिसला.