तिसरा माठ

रत्नागिरीच्या एका काकूंचं पत्र अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ‘ताई, तुम्ही सांगितलंत म्हणून तिसरा माठ आणला. पाणी तसंच.’ बस, एवढंच. तुमच्यापैकी बरेच जण विज्ञान शिकून आता लोकांच्या रोजच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागलेत. कुणी शाळेत, कुणी वाचनालयात, कुणी सदरातून. तुमच्यावर असं पत्र घ्यायची वेळ येऊ नये, म्हणून ही हकीकत लिहिते आहे.

मी मूळची अकोल्याची. भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाल्यावर एका साप्ताहिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागले. काकूंनी विचारलं होतं, ‘आमच्या माठातलं पाणी गार का होत नाही?’ मला तर हे तोंडपाठ. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याची वाफ होते आणि वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून जाते. गार होत नसेल तर छिद्रं क्षारांनी बुजली असतील, माठ बदला. दहा मिनिटांत लिहून मोकळी झाले. काकूंनी माठ बदलला. मग दुसऱ्या कुंभाराकडचा आणला.

मी फसले ते नेमकं कुठे, हे जरा लांबण लावूनच सांगते.

एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना साधारण 580 कॅलरी उष्णता जाते. 10 लिटरच्या माठातून 100 ग्रॅम पाणी उडालं आणि बाहेरून उष्णता आत आलीच नाही, तर उरलेलं पाणी जवळजवळ 6 अंशांनी उतरेल. शाळेतलं उत्तर इथे संपतं. पण पाणी उडणार किती, हे एकटा माठ ठरवत नाही, हवाही ठरवते. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून तो वाऱ्यावर धरा. पारा उतरत उतरत एका जागी थांबतो. सावलीतल्या माठातलं पाणी फार तर तिथपर्यंत गार होतं, त्याच्या खाली नाही. आता अकोल्याची मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान 43 अंश, आर्द्रता 20 टक्के. पारा थांबतो 25च्या आसपास, म्हणजे 18 अंशांचा उतार. रत्नागिरीत 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के धरा. तिथे तो 28च्या थोडा वरच थांबतो. उतार पुरता पाच अंशांचाही नाही, आणि माठ प्रत्यक्षात तेवढाही खाली येत नाही. शिवाय अकोल्यात उन्हातून आलेल्या माणसाला ते पाणी अमृत वाटतं. कोकणात घामाने निथळणाऱ्या माणसाला तीन-चार अंशांचा फरक जिभेला कळतसुद्धा नाही.

काकूंचे तिन्ही माठ चांगले होते.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. आमच्या घरचा कुलर मे महिन्यात खोली गारेगार करायचा आणि ऑगस्टमध्ये नुसता दमट वारा फेकायचा, हे मी लहानपणापासून बघत आले होते. पण पत्रावरचं गाव मी वाचलंच नाही. ‘माठ’ हा शब्द दिसला आणि पाठ असलेलं उत्तर हातातून उतरलं. सगळ्यात मोठा धोका हाच आहे. ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही त्याला तुम्ही जपून हात घालता, चार ठिकाणी बघता. ज्याचं येतं, तो प्रश्न ऐकूनच घेत नाही.

असंच मी सावलीचंही केलं. मे महिन्याच्या मध्यावर पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मी एका शाळेत सांगून आले, ‘दुपारी सावली नाहीशी होईल, बघा.’ मुलं 12च्या ठोक्याला मैदानात उभी राहिली. सावल्या होत्याच. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेलं आहे आणि पुणं त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे तिथे सूर्य माथ्यावर येतो साधारण 12 वाजून 31 मिनिटांनी. नागपुरात तो दिवस मेच्या अखेरीकडे येतो आणि वेळ 12 वाजून 10 मिनिटांच्या आसपास असते. मुलं वर्गात परत गेली ती पुस्तक खोटं ठरवून. त्यांचा तरी काय दोष?

म्हणून आता उत्तराआधी मी उलट विचारते. कुठे पाहिलंत? कधी? आणखी काय करून पाहिलंत? यात वेळ जातो आणि सुरुवातीला लाजही वाटते, की आपल्याला उत्तर येत नाही असं समोरच्याला वाटेल. तसं कुणालाही वाटत नाही. आपलं कुणीतरी नीट ऐकतंय याचंच लोकांना अप्रूप असतं.

परदेशी व्हिडिओ बघून उत्तरं उतरवू नका. बर्फावर मीठ टाकलेल्या रस्त्यांचं उदाहरण जळगावच्या माणसाच्या काय कामाचं? मार्गदर्शक शोधताना फक्त प्राध्यापकांकडे धावू नका. मातीत लीद, राख का मिसळतात, भट्टीत लीद जळून छिद्रं कशी उरतात आणि ऑइलपेंट दिलेल्या माठात पाणी का गार होत नाही, हे मला एका कुंभारदादांनी अर्ध्या तासात दाखवलं. आजार आणि औषधांच्या प्रश्नांना हात लावू नका. अजिबात नाही. ‘डॉक्टरांना विचारा’ एवढंच लिहा.

लांबीचं फार दडपण घेऊ नका. जयंत नारळीकर सही मागणाऱ्या मुलांना सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न पाठवा, उत्तर सहीसकट येईल. उत्तर पोस्टकार्डावर मावायला हवं, हे माप मला अजून पुरतं. चुकलात तर पुढच्याच अंकात, पहिल्या ओळीत, चूक सांगा. मी काकूंची माफी छापली, माठांचे पैसे पाठवले. त्यांनी पैसे परत केले आणि सोबत नवा प्रश्न पाठवला.

परवा सहावीतल्या एका मुलाने विचारलं, ‘दूध उतू जातं, मग पाणी का नाही?’ साय, प्रथिनं, अडकलेली वाफ, सगळं ओठांवर आलं होतं. मी विचारलं, ‘पाणी खरंच कधीच उतू जात नाही? घरी बघून सांग.’ तो दोन दिवसांनी आला तो पळतच. ‘ताई, भाताचं पाणी गेलं उतू! डाळीचंपण! मग दुधात आणि त्यांत सारखं काय आहे?’

आम्ही आता त्यावरच आहोत. उद्या तो नुसत्या पाण्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून उकळून बघणार आहे. आईला शेजारी उभं करून.